कूलर खाली, ब्लँकेटं वर

आमच्याकडे थंडी संपली हे कॅलेंडरवरून कळत नाही, माळ्यावरून कूलर खाली आला की कळतं. होळी जळाली थंडी पळाली म्हणतात ते ठीक आहे पण खान्देशात होळीच्या दिवसांत दुपारी पंखा पाचवर असतो आणि पहाटे चारला झोपेतच पायाने चादर शोधायची वेळ येते, त्यामुळे स्वेटर-ब्लँकेटं नक्की कधी उचलायची यावरून घरात दरवर्षी वाद. सासूबाई म्हणतात धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी, नवरा म्हणतो राहू दे अजून आठ दिवस, आणि ते आठ दिवस करता करता अखाजी (अक्षय्य तृतीया) येते, माहेरी जायची गडबड सुरू होते आणि मग सगळं तसंच न धुता घडी करून माळ्यावर, कारण कूलर काढल्यामुळे तिथे जागा रिकामी झालेली असते ना. मी हे बरीच वर्षं केलंय. दिवाळीनंतर पेटी उघडली की कुबट वास, दोन स्वेटरला भोकं, एका ब्लँकेटवर गंजाचा डाग, आणि मग पहिली थंडी पडते त्या रात्री सगळे शिंकतायत.

आता मी करते ते असं. होळी ते गुढीपाडवा या दिवसांत उरकायचं. आपल्याकडे मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की सकाळी टाकलेली गोधडीसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आतून वाळते, मुंबईकडच्यांना हे सुख नाही. मधे एखाद-दोन दिवस आभाळ येतं, गारपीटही होते, म्हणून आकाश बघून एकदम सगळं काढू नका, दोन-तीन रविवारांत वाटून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. स्वेटरला भोक पाडतो तो उडणारा बारका सोनेरी पतंग नाही, तो मोठा झाल्यावर काही खातच नाही, खाते त्याची अळी. तिलाच आपण कसर म्हणतो. लोकर म्हणजे केराटिन, आपले केस-नखं ज्याची असतात तेच, ते तिचं जेवण, रेशीम पण चालतं. आणि तिला साधी लोकर तेवढी आवडत नाही जेवढी घामाची, तेलाची, खाणं सांडलेली लोकर आवडते. म्हणून भोकं बघा कुठे असतात, कॉलरला, काखेत, आणि पोटावर, जिथे डिसेंबरमध्ये भरीत सांडलेलं असतं. एकदाच तर घातलाय म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर म्हणजे तिच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

पण घरातल्या दहा स्वेटरपैकी खरे लोकरीचे किती? आमच्यात दोन. बाकी सगळे ॲक्रेलिक, रस्त्यावरच्या थंडीच्या स्टॉलवरून घेतलेले, आणि आत्याने विणलेलासुद्धा कारण तिने वापरलेली "लोकर" गुंडीवर बघितली तर ॲक्रेलिकच होती. लेबल फाटलेलं असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. खरी लोकर हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रेलिक भसकन पेटतं, काळा धूर सोडतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो, तो चुरडत नाही (लगेच हात लावू नका, चटका बसतो). ॲक्रेलिकला कसर सहसा लागत नाही. म्हणजे काळजी फक्त दोन स्वेटर, एक शाल आणि घोंगडी यांची, बाकीच्यांना मशीनचा हलका मोड आणि गार पाणी पुरे. एवढंच की ॲक्रेलिकवर गरम इस्त्री फिरवली तर ते लोळागोळा होतं, पुन्हा सरळ होत नाही.

डाग. खान्देशातल्या थंडीच्या कपड्यांवर दोनच डाग असतात, भरताचं तेल आणि शेवभाजीचा रस्सा. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कुटायची, वरून तेल सोडायचं आणि अंधारात केळीच्या पानावर वाढायचं, डाग पडणारच. तेलाच्या डागावर धुण्याआधी तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झटका, तेल बरंचसं पिठात उतरलेलं असतं. मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकं चोळून. ब्रश नको, लोकरीला गोळे येतात. आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि पहिल्यांदा बघणारीचा जीव जातो, घाबरू नका, हळदीचा गुणच तो, साबणातल्या क्षाराने लाल होते आणि नीट खळबळलं की पुन्हा पिवळी. राहिलेला पिवळा डाग सकाळच्या उन्हात अर्धा-पाऊण तास धरला की उडायला लागतो, हळदीला ऊन सहन होत नाही. पण अर्धा-पाऊण तासच हं, दुपारपर्यंत विसरलात तर डागाबरोबर स्वेटरचा रंग पण जाईल.

आता लोकर धुणं, इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. लोकरीच्या धाग्याला माशासारखे खवले असतात, गरम पाणी, कडक साबण आणि घासाघीस मिळाली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो, आटला की आटला, ओढून पूर्ववत होत नाही. मला हे माहीत होतं. मी पाणी गरम केलंच नव्हतं, नळाचंच घेतलं होतं. फक्त ते मार्चमधल्या दुपारी दोनचं नळाचं पाणी होतं, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं. हात घातला तेव्हा चांगलं कोमट वाटलं, दुसरी बादली सोडली तर चहा होईल असं. सासऱ्यांचा चॉकलेटी स्वेटर, लग्नात घेतलेला, पिळून बाहेर काढला तर माझ्या तिसरीतल्या मुलाला बरोब्बर. सासूबाई मागे उभ्या, "तुले सांगेल व्हतं ना मी". सांगितलं होतंच त्यांनी. त्या स्वेटर सकाळी सातच्या आत धुतात, रात्रभर निवलेल्या पाण्यात, आणि मला वाटायचं ही जुनी सवय आहे.

तर पाणी सकाळचं. बादलीत आधी लिक्विड घालायचं, ईझी (लोकरीसाठीचं लिक्विड) असेल तर ते, नाहीतर आठ-दहा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळून, गाळून, पूर्ण गार करून त्याचा फेस (पांढऱ्या स्वेटरला रिठा नको, पिवळट छटा येते). कपड्याची पावडर, धुण्याचा सोडा, ब्लीच हे लोकरीच्या आसपास पण नको. स्वेटर उलटा करून बुडवा, दहा मिनिटं, जास्त नाही, मग कणीक हलक्या हाताने दाबतो तसं दाबायचं, चोळायचं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड, त्यात साबणाचा पांढरा थर कपड्यावर बसतो आणि लोकर खरखरीत होते, म्हणून शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकते, वास वाळल्यावर जातो. नळाचं पाणी रोज येत नसेल तर ज्या दिवशी येतं त्या दिवशीची एक बादली खास शेवटच्या खळबळण्यासाठी बाजूला ठेवा.

बाहेर काढताना दोन्ही हात खालून घालून, ताटातल्या पुरणपोळीसारखं उचलायचं. खांद्याला धरून उचललं की पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत. पिळायचं नाही. जुन्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्यावर गुडघ्याने दाबा, पाणी टॉवेलात जातं. आणि वाळवायला दोरी नको, हँगर तर मुळीच नको. घरात सुंभाची नाहीतर नवारीची बाज असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, वर जुनं सुती लुगडं अंथरा, त्यावर स्वेटर मापात नीट मांडा, बाह्या सरळ, गळा गोल, खालून-वरून हवा लागते आणि सावलीत संध्याकाळपर्यंत वाळतो. सावलीत म्हणजे सावलीत. आपल्याकडे मार्चच्या शेवटी ४० डिग्री होतं, त्या उन्हात लोकर कडक आणि फिकट होते.

गोधडीचं मात्र सगळं उलटं. ते दुपारी दोनचं गरम पाणी गोधडीसाठीच आहे असं समजा. सुती असते, गरम पाणी, कडक साबण, धोपटण्याचा मार, सगळं सहन करते. पूर्वी बायका गिरणेवर, पांझरेवर, तापीवर गोधड्या घेऊन जायच्या, आता मार्चमध्ये नदीला पाणी कुठं राहिलंय आणि असलं तरी तसलं पाणी गोधडीला नको, त्यामुळे गच्चीवर टब किंवा अंगणातली फरशी. धुवायच्या आधी एकदा चारी बाजूंनी टाके बघून घ्या, जिथे उसवलंय तिथे चार टाके आधीच मारा, ओली गोधडी जड होते आणि स्वतःच्याच वजनाने तिथून फाटत जाते. तास-दोन तास भिजवा, पायाने तुडवा, पोरांना सांगा, आनंदाने तुडवतात. पाणी तीनदा तरी बदलावं लागतं, पहिलं पाणी बघून लाज वाटते ती वेगळी. दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा आणि कठड्यावर आडवी टाकायची, दुसऱ्या दिवशी उलटून.

वाळली का हे वरून हात फिरवून कळत नाही, वरचं लुगडं दोन तासांत कोरडं होतं, आत चार थर असतात. सूर्य मावळल्यावर तासाभराने गोधडीची मधली जाड जागा गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे, अजून एक दिवस. हे माझ्या आजीचं, आणि अजून एकदाही चुकलेलं नाही.

मिंक ब्लँकेटबद्दल. ते दुपदरी, वाघ-सिंह-गुलाबवालं, कोरडंच चार-पाच किलो, ओलं झालं की दुप्पट. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये कोंबलं तर बसतं, बसतं म्हणून टाकू नका. आमचं मशीन स्पिनला मोरीतून चालत दारापर्यंत आलं होतं, पाइप निघाला आणि स्वयंपाकघरात पाणी, सासूबाईंचा आतून आवाज, "काय करी राह्यनी वं?" काय सांगणार. टबात पावडर घालून भिजवा, तुडवा, कठड्यावर टाका, पॉलिएस्टर आहे, पाणी धरून ठेवत नाही, एका दिवसात वाळतं. लॉन्ड्रीत दिलंत तर परत आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एक दिवस उघडं ठेवा, त्या पिशवीतच माळ्यावर टाकू नका, आत राहिलेली वाफ आणि वास दोन्ही दिवाळीपर्यंत तिथेच मुरतात.

कापसाची रजई धुवायची नाही. खोळ काढा, ती धुवा, आतली रजई दोन दिवस कडक उन्हात टाका आणि काठीने झोडा, धूळ वाऱ्याबरोबर आपल्यापासून लांब उडेल असं उभं राहून. गठ्ठे झाले असतील तर पिंजाऱ्याकडे, हेच दिवस चांगले, दिवाळीनंतर गेलात तर नंबर लागत नाही. एवढ्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून आपण दुकानातून फायबरच्या रजया आणतो हा विषय वेगळा, तो पुन्हा कधीतरी.

घोंगडीला शक्यतो पाणी लावू नये, झटका, झोडा, उन्हाने तापलेल्या गच्चीवर टाका. मेंढ्यांच्या अंगावरून आलेली खरी लोकर आहे ती, कसरीचा पहिला डोळा तिच्यावर. संशय असेल, म्हणजे तांदळाच्या दाण्यासारख्या पांढरट अळ्या किंवा जाळ्यासारखे धागे दिसले तर पूर्ण कोरडी घोंगडी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून मे महिन्यात दुपारी गच्चीवर तीन-चार तास ठेवा, मधे उलटवा. आत ५० डिग्रीच्या वर गेलं की अळी आणि अंडी दोन्ही मरतात, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतं तर काळ्या पिशवीत आत किती होत असेल बघा. चांगली शाल असेल तर हा प्रयोग नको, तिला फ्रीजरमध्ये, घट्ट बंद पिशवीत, दोन आठवडे. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर शालीवर दव धरतं.

जर्किन धुताना चेन लावून, उलटं करून, खिसे बघून. आमच्या एका खिशात सारंगखेड्याच्या यात्रेतली जिलेबी निघाली होती, डिसेंबरमधली, कागदासकट. चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा. रेक्झिनचं जॅकेट पापुद्रे सोडायला लागलं असेल तर ते गेलं, पॉलिश-तेल काही करू नका. कानटोप्या, मोजे, मफलर सगळे एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गाठ मारून मशीनला टाका, एकही मोजा हरवत नाही.

आता ठेवणं. उन्हातून आणलेला कपडा तसाच गरम गरम पेटीत टाकायचा नाही. पेटी बंद, कपडा हळूहळू गार होतो आणि त्यातली उरलीसुरली वाफ आतल्या पत्र्यावर धरते, तो गंजाचा डाग तिथून येतो. संध्याकाळी आत आणा, पंख्याखाली पसरा, रात्रभर निवू द्या, सकाळी घडी. लोखंडी पेटीत तळाला आणि चारी बाजूंनी जुनं सुती पातळ घाला, वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि कागद पिवळा पडला की कपडा पण पिवळा. जड खाली, लोकर वर. खळ घातलेलं काही ठेवू नका, खळ खायला चंदेरी किडे येतात. व्हॅक्यूमच्या पिशव्या मिंक ब्लँकेटला ठीक, रजईला आणि लोकरीला सहा-आठ महिने दाबून ठेवलं तर फुलायचं विसरतात.

पेटी जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब, मातीच्या भिंतीचं धाब्याचं घर असेल तर नक्कीच, उधई (वाळवी) भिंतीतूनच येते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, कूलरच्या खोलीत ठेवू नका. कूलर तीन महिने दिवसरात्र ओली हवा फेकतो, बाहेर वाळवंट आणि आपल्या त्या एका खोलीत पावसाळा. आमच्या दिवाणातला कुबट वास मी अनेक वर्षं पावसावर ढकलत होते, तो कूलरचा होता. दिवाण दुसऱ्या खोलीत सरकवला आणि वास गेला.

डांबरगोळी. एक वर्ष मी जोशात प्रत्येक घडीत चार-चार टाकल्या, डिसेंबरमध्ये ते स्वेटर न वाळवता घालून आम्ही दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. तिथे घोड्यांचा बाजार भरतो, हजारो माणसं, खांद्याला खांदा, आणि आमच्या चौघांभोवती मोकळी जागा. एका पांढऱ्या घोड्याने माझ्या नवऱ्याकडे बघून तोंड फिरवलं ते अजून घरात निघतं. गोळ्या वापरायच्या तर सुती पुरचुंडीत बांधून, पेटीत सगळ्यात वर, कारण तिचा वास हवेपेक्षा जड, खाली उतरतो. कपड्याला, प्लॅस्टिकच्या बटणांना टेकवू नका, चिकटते. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यात, दुपट्यात, बाळाला गुंडाळायच्या गोधडीत अजिबात नको, तो वास बाळाच्या रक्तावर परिणाम करू शकतो, काहींच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना तर कावीळ होऊन जिवावर बेततं. लहान मूल गोळी म्हणून तोंडात टाकतं ते वेगळंच.

मी आता कडुनिंब घालते. पाडव्याच्या सुमारास झाडाला नवा पाला येतो, गुढीला आणतोच, तेव्हाच दोन फांद्या जास्त आणा, सावलीत कुरकुरीत वाळवा आणि मलमलच्या पिशवीत भरून ठेवा. ओला पाला टाकला तर त्यालाच बुरशी. खरं सांगायचं तर कडुनिंब जादू नाही, न धुतलेल्या स्वेटरला तो वाचवणार नाही, स्वच्छ धुतलेल्या आणि घट्ट बंद पेटीला जोड म्हणून चांगला.

पावसाळ्यात पेटी उघडायचा मोह होतो, दोन दिवस ऊन पडलं की वाटतं हवा दाखवू. नका उघडू, उन्हाळ्यात कोरडी बंद केलेली पेटी कोरडीच असते, उघडलीत की ओली हवा आत. दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन तापतं तेव्हा एक दिवस सगळं बाहेर काढा, गोळीचा वासही तेव्हाच जातो.

आणि सगळंच आत टाकू नका. एक चादर, एक स्वेटर आणि एक शाल बाहेर कपाटात राहू द्या. मार्चमध्ये गारपीट झाली की संध्याकाळी हुडहुडी भरते, कुणीतरी तोरणमाळला जायचं काढतं, भुसावळहून रात्रीच्या एसी डब्यात बसायचं असतं. बाकीच्या पेटीवर आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवा, मोठ्या अक्षरात. नाहीतर नोव्हेंबरमध्ये पहिल्या थंडीच्या रात्री सासरे एका कानटोपीसाठी तीन पेट्या उपसतात आणि सकाळी परत घड्या घालायला आपण.